शनिवारचं लोखंड

मी भांडकुदळ आहे हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणाला नवल वाटायला नको. नगरच्या भंगारबाजारात दोन वेण्यांची एक कॉलेजातली पोरगी गंजक्या पकडीसाठी दुकानदाराशी हुज्जत घालतेय, हे बघायला त्या काळी लोक चक्क उभे राहत. राहेनात का! मला पक्कड हवी होती आणि हातात पैसे थोडे होते. पक्कड माझ्यासाठी नव्हतीच म्हणा. ती माझ्या धाकट्या भावासाठी होती, कारण त्याला यंत्रमानव करायचा होता.

आमचं गाव राहुरीच्या अलीकडे, रस्त्यापासून आत. वडील, आमचे आबा, साखर कारखान्यात कामाला, घरची थोडी जमीन आई बघायची. मी नगरला मामाकडे राहून शिकत होते. भाऊ घरीच. लहानपणी त्याचे सांधे धरले, ताप आला, आणि तो ताप जाताना त्याच्या हृदयाची झडप खराब करून गेला. विहिरीपर्यंत चालला तरी त्याला धाप लागायची. शाळा सुटली, खेळ सुटला. डॉक्टरांनी वडिलांना सांगितलं होतं की ऑपरेशन मुंबईला होतं, पण आत्ता या अंगात ते सोसायचं नाही. आधी अंग धरू द्या. मग आम्ही सगळे त्याच्या अंग धरण्याची वाट बघत बसलो. आई त्याला दूध पाजायची, अंडी खाऊ घालायची. तो मात्र आपला तसाच, हाताची काडी आणि डोळे एवढाले.

मी कुठूनशी मुलांची जुनी मासिकं रद्दीतून उचलून त्याला नेऊन दिली. त्यातल्या एकात यंत्रमानवाचं चित्र होतं. चौकोनी डोकं, दिव्यांचे डोळे, छातीवर बटणं. झालं! पुढच्या आठवड्यात मी घरी गेले तर त्यानं कोळशानं भिंतीवर अख्खा यंत्रमानव काढून ठेवलेला, प्रत्येक भागापुढे काय लागेल ते लिहून.

"आक्का, ह्यो माझा गडी," तो म्हणाला. "ह्यो मला पानी आनून देनार. आईला सारखं उठायला नको."

"आणि पगार?"

"पगार न्हाई, भाकरी न्हाई. निस्ते सेल."

आई चुलीपाशी होती. म्हणाली, "असला गडी शेतावर बी दोन-चार करा बाबा. लई बरं हुईल."

तेव्हापासून त्या यंत्राचं नाव गडीच पडलं. आणि त्याच्या सामानाची खरेदी माझ्या गळ्यात पडली.

आता मामी होती कडक. कॉलेज ते घर आणि घर ते कॉलेज, मध्ये कुठे पाय वळवायचा नाही. पण शनिवारी कॉलेज सकाळचं असायचं, आणि तिथूनच मी परस्पर गावची एस.टी. धरायची. म्हणजे कॉलेज सुटल्यापासून गाडी सुटेपर्यंत जो काही वेळ मिळेल, तेवढाच माझा बाजार. टांग्याचे पैसे वाचवायला भरउन्हात चालत जायचे आणि त्या पैशांत वस्तू घ्यायचे. नगरला लष्कराची छावणी. तिथला मोडका माल लिलावात निघाला की तो या भंगारवाल्यांकडे येऊन पडायचा, डोंगरच्या डोंगर. बिनझाकणाची घड्याळं, तुटके टॉर्च, वायरींचे जुडगे, कसलेकसले पितळी स्क्रू. मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. भावानं सांगितलेलं मी घोकून जायचे, आणि कळत नाही हे दुकानदाराला कळू नये म्हणून आधीच आवाज चढवायचे.

पहिल्या शनिवारी मी पक्कड, डिसमिस आणि एक कानस घेऊन घरी पोचले. स्क्रू पिळायला लागतो त्याला आमच्याकडे डिसमिस म्हणतात. उंबऱ्यातच आईनं मला अडवलं.

"पिशवीत काय हाय?"

"हत्यारं आहेत, गड्याची."

"लोखंड? आज? आगं शनवारी लोखंड घरात आनत्यात का कुनी? अक्कल गहान ठेवली का त्या कालेजात?"

आमच्या भागात हे सांगावं लागत नाही. शनिवारी तेल विकत घ्यायचं नाही, लोखंड विकत घ्यायचं नाही, आणि घेतलंच तर त्या दिवशी घरात आणायचं नाही. लोखंड शनीचं. त्याच्या वारी ते आणलं की त्याची वक्रदृष्टी सोबत घरात शिरते. शिंगणापूर आमच्यापासून जवळ, त्यामुळे हा देव आईला शेजारच्या माणसासारखा होता. तिचा शनिवार कडक असायचा. त्यातून घरात पोरगा असा. मी तावातावानं भांडले, शास्त्र सांगितलं, मामीचं कारण सांगितलं. काही उपयोग झाला नाही. अंगणात गुरांना पाणी पाजायची दगडी डोण होती. त्या वर्षी पावसानं तोंड फिरवलेलं, डोण कोरडी ठणठणीत. आईनं माझी पिशवी त्या डोणीत ठेवली, वर पाटी पालथी घातली आणि म्हणाली, "उद्या ऊन पडलं की मग घ्या."

भाऊ दारातून हे बघत होता. तो रडला नाही, की त्यानं हट्ट केला नाही. नुसतं विचारलं, "आई, तांबं चालतं का?"

"तांब्याला काय झालं? त्ये देवाचं."

"आन पितळ?"

"पितळ बी चालतं."

झालं, त्याचं डोकं चालू झालं. पुढच्या खेपेला त्यानं माझ्याकडून एका मोडक्या रेडिओच्या स्पीकरमधला लोहचुंबक मागवला. तो रविवारी सकाळी डोणीतून बाहेर आला आणि आमच्या घरात न्यायालय सुरू झालं. दर शनिवारी मी आले की उंबऱ्याच्या बाहेर पिशवी पालथी करायची. तो उंबऱ्याच्या आत पोत्यावर बसायचा, हातात चुंबक. एकेक वस्तू मी पुढे धरायची, तो चुंबक लावायचा. चिकटलं की लोखंड, ते डोणीत जायचं. नाही चिकटलं तर आत. आई कमरेवर हात ठेवून उभी असायची आणि चुंबकाचा निकाल मुकाट मानायची. एकदा एक चकचकीत स्क्रू चिकटला नाही, तर तिनं स्वतः वाकून तो दोनदा लावून बघितला आणि म्हणाली, "खरंच की गं!" तिला मजा यायला लागली होती. मीही बाजारात पितळेचं, तांब्याचं शोधायला लागले. ते महाग पडायचं, मग अजून भांडायचं. नळीचे तुकडे, वायर, पितळी बिजागऱ्या हे सगळं शनिवारीच त्याच्या हातात पडायचं, आणि लोखंडासाठी तो रविवारच्या उन्हाची वाट बघायचा. सकाळी मी डोणीतून पिशवी काढेपर्यंत त्याला दम नसायचा.

असा एकेक आठवडा करत गडी उभा राहिला. अंग वनस्पती तुपाच्या डब्याचं. चाकं बूट पॉलिशच्या डब्यांची. हात छत्रीच्या काड्यांचे. डोळ्यांना टॉर्चचे बल्ब. पत्रे जोडून कथलाचा डाग द्यायला तांब्याच्या टोकाची सळई आई स्वतः चुलीत तापवून द्यायची, आणि नवसागराचा धूर झाला की दोघांना शिव्या घालत दार उघडायची. भाऊ दम लागला की थांबायचा, भिंतीला टेकायचा, श्वास जागेवर आला की पुन्हा सुरू. सगळं झालं. राहिली होती फक्त मोटार. ती नसली तर गडी म्हणजे नुसता डबा.

मोटारीवर मी तोंडावर आपटले. भंगारवाल्यानं लष्करी गाडीतली एक मोटार काढून दाखवली. काय ती मोटार! वजनदार, पितळी पट्टी लावलेली. मी मनसोक्त भांडून ती घेतली आणि एस.टी.त मांडीवर घेऊन बसले, जशी काही पाटलीणबाई. आईनं ती बघितली आणि म्हणाली, "ह्यो कुनाचा बाप आनलास?" भावानं रविवारी ती तपासली. सेल लावले, ती हललीसुद्धा नाही. त्याला कळलं होतं, पण मला वाईट वाटू नये म्हणून तो तासभर तिच्याशी झटत राहिला. मग हळूच म्हणाला, "आक्का, हिला ट्रकची बॅटरी लागंल." मला इतकी चीड आली! भंगारवाल्याची, स्वतःची, त्या ट्रकची. पैसे तर गेले होते.

पण भावानंच मार्ग काढला. म्हणाला, हिच्या पोटात तांब्याची तार खच्चून भरलीय, रेडिओवाल्याला ती लागत असंल, इचार. रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात एक सेलवर चालणारा मोडका रेकॉर्ड प्लेअर पडलेला मी किती आठवडे बघत होते. त्यातली चिमुकली मोटार मला हवी होती आणि तो म्हातारा किंमत सोडत नव्हता. मी ते धूड त्याच्या टेबलावर आदळलं. त्यानं उलटसुलट करून बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "ही घ्या आणि ती द्या. एक पैसा मिळणार नाही वर." तो हसायला लागला आणि म्हणाला, "तुझ्या नवऱ्याचं काही खरं नाही, पोरी." मोटार दिली मात्र. लिंबाएवढी होती. मी ती रुमालात बांधून, पिशवीत न ठेवता, मुठीत धरून गावी आणली.

तोही शनिवारच होता.

त्या आठवड्यात त्याचं बरं नव्हतं. पाय सुजले होते. आडवं झालं की जीव घुसमटायचा, म्हणून पाठीला वाकळा लावून बसूनच झोपायचा. त्या दिवशी उंबऱ्यापर्यंतही त्याला आईनं उचलून आणलं. मी रुमाल सोडला. मोटार बघून त्याचे डोळे असे झाले की मला वाटलं, बास, माझ्या सगळ्या भांडणांचं सोनं झालं. त्यानं चुंबक पुढे केला. टक्! मोटार त्याला जाऊन चिकटली.

मी डोळ्यांनी त्याला खुणावत होते, गप्प बस म्हणून. आई मागे उभी होती, तिला दिसलं नसतं. पण हा शहाणा! त्यानं मोटार चुंबकावरून सोडवली, माझ्या हातात परत दिली आणि म्हणाला, "लोखंड हाय आक्का. डोनीत ठीव. उद्या लावू." मला त्याचा राग आला, आणि त्या रागात रडूही आलं. मी ती मोटार डोणीत नेऊन ठेवली, पाटी जोरात आपटली.

आई भाकरी करायला बसली. मी पाठ फिरवून बसले. तो भिंतीला टेकून डोळे मिटून श्वास घेत होता, आणि त्या श्वासाचा आवाज साऱ्या घरात ऐकू येत होता. आईचा थापणारा हात थांबला. तिनं पीठ तसंच टाकलं, हात धुतले आणि बाहेर गेली. आली तेव्हा तिच्या पदरात काहीतरी होतं. उंबऱ्यापाशी ती थांबली. तिचे ओठ हलताना मी बघितले. मग ती आत आली आणि तिनं मोटार त्याच्या मांडीवर ठेवली.

"घे. उद्याचं उद्या बघू."

"आई, शनवार हाय," तो म्हणाला.

"हाय तर हाय. मी बघते त्याच्याकडं." तिनं घरातलं तेल वाटीत घेतलं, रुईची पानं घेतली. "मारुतीला जाऊन येते. त्येच्याशिवाय शनी कुनाचं ऐकायचा न्हाई. मी येऊस्तवर नीट बसा."

ती वेशीकडे गेली आणि आम्ही दोघं मोटारीवर तुटून पडलो. म्हणजे हात माझे, अक्कल त्याची. ही तार इथं, ती तिथं. सायकलच्या ट्यूबचा कापलेला पट्टा मोटारीवरून चाकाच्या दांड्यावर चढवला. वडिलांच्या टॉर्चमधले सेल बसवले. त्यानं आपल्या हातानं खटका ओढला.

गड्याचे डोळे पेटले. तो घरघरला, थरथरला आणि निघाला. उलटा! पाठमोरा, मागे मागे, हात हवेत, थेट दाराकडे. तारा कुठेतरी उलट्या लागल्या होत्या. मी किंचाळले, "अरे हा परत चालला!"

आणि तो हसला. त्याच्या हसण्याची एक तऱ्हा होती. आधी आवाज यायचाच नाही, नुसते खांदे हलायचे, आणि मग कोरड्या पंपाला एकदम पाणी यावं तसं खळाळून बाहेर पडायचं. किती तरी महिने मी ते ऐकलं नव्हतं. "गडी रुसला गं," तो म्हणाला, "पगार न्हाई म्हनून घरला निघाला!" मी गडी उचलून आणायची, तो खटका ओढायचा, गडी पुन्हा मागे. हसता हसता त्याला खोकला यायचा, खोकता खोकता हसू. मी तारा बदलायला हात घातला तर म्हणाला, "राहू दे. आई येऊ दे. तिला असाच दावू, मग सरळ करू."

आईला यायला वेळ लागला. शनिवारची देवळात गर्दी, त्यात तिला एवढा मोठा गुन्हा माफ करून घ्यायचा होता. ती प्रदक्षिणा घालत राहिली. ती आली तोवर टॉर्चचे सेल संपले होते आणि हा थकून बसल्या बसल्या झोपला होता, गड्याचा हात मुठीत धरून. आईनं त्याच्या कपाळाला शेंदूर लावला.

"झालं का गं तुमचं?"

"उद्या दाखवतो म्हणालाय. आबा नवे सेल आणतील."

"बरं," आई म्हणाली, "उद्या बघू."

रविवारी सकाळी ऊन अंगणात यायच्या आत त्याचे ओठ निळे पडले. वडिलांनी कारखान्याची जीप आणली. आईनं त्याला मांडीवर घेतलं, मी पाय धरले. नगरच्या दवाखान्यात पोचलो, आणि संध्याकाळी तो गेला.

घरी आल्यावर आईनं पहिलं काम केलं ते गड्याला उचलून डोणीत नेऊन ठेवायचं, वर पाटी पालथी. मग दिवस झाल्यावर एकदा मला म्हणाली, "मीच आनलं आत." तिथून आमचं जे भांडण सुरू झालं ते आयुष्यभर पुरलं. मी म्हणायची, "आई, त्याची झडप गेली होती. डॉक्टरनं सांगितलं होतं." ती म्हणायची, "व्हय." मी म्हणायची, "लोखंडाचा काय संबंध?" मी ओरडायची, हात जोडायची. तिच्यापुढे गड्याचं नाव काढलं की ती कानांवर हात ठेवायची, "नगं काढू, बाई." शिंगणापूरला जायची. बायकांना तेव्हा चौथऱ्यावर जाऊ देत नसत. कुणा गड्यामाणसाच्या हातात तेल द्यायची आणि खाली उभी राहून काहीबाही पुटपुटत राहायची. मला त्या देवाचा राग, तिचा राग, त्या डोणीचा राग. पुढे पाऊस झाला, डोण भरली, आणि गडी त्यात गंजून गेला. कुणी काढला नाही त्याला.

माझं लग्न झालं, संगमनेरला शाळेत लागले. वडील गेल्यावर आई माझ्याकडे आली. माझ्या घरातही शनिवारी लोखंड येत नाही. आणलंच तर गॅलरीत राहतं. मी हरले म्हणून नाही, कटकट नको म्हणून.

आई फार म्हातारी झाली तेव्हाची गोष्ट. त्या शनिवारी मी तवा आणला होता, तो सवयीनं गॅलरीत ठेवला आणि स्वयंपाकघरात आले. आई खुर्चीवर बसून मेथी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "चाललं हुतं का गं त्ये?"

"काय?"

"त्येचं. त्यो गडी."

जुनं भांडण एकदम उसळून आलं. "चालला होता! आणि हे बघ आई, लोखंडानं काही झालेलं नाही, आज पुन्हा तेच..."

"आगं, मी लोखंडाचं कुठं इचारते?" तिनं मेथीची जुडी खाली ठेवली. "हसला का त्यो?"

"हसला."

"आवाज करून?"

"हो. खूप हसला. खोकला येईस्तोवर."

आईनं मान हलवली. किती तरी वेळ हलवत राहिली. "मी देवळात हुते," ती म्हणाली. "मला वाटलं, देवाचं आधी उरकावं, मग बघू. पोरगं घरात हसत हुतं आन मी तिथं दगडाला फेऱ्या मारत हुते."

इतकी वर्षं मी शनीशी भांडत बसले होते.

"दाखीव की," आई म्हणाली, "कसं चाललं हुतं?"

मी पदर खोचला. गुडघे दुखतात माझे, तरी हात छत्रीच्या काड्यांसारखे ताठ वर केले आणि ओट्यापासून दारापर्यंत मागे मागे चालत गेले, तोंडानं घर्रर्र करत. आई बघत होती. एक पापणी लवू दिली नाही तिनं.

"उलटं?"

"उलटं. तारा चुकल्या होत्या. तो म्हणाला, गडी रुसला, पगार नाही म्हणून घरला निघाला."

"आन मग?"

"मग हसला."

"तसं हसून दाखीव."

मी दारात उभी होते, हात तसेच वर. खांदे हलवून बघितले. आवाज काढून बघितला, पुन्हा एकदा बघितला. आई मान पुढे करून, कान देऊन बसली होती. मला त्याच्यासारखं हसता आलं नाही.